पर्जन्याचा गणिती : सर गिल्बर्ट वॉकर

मृग नक्षत्र निघाले की हिंगोलीकडच्या काळ्या रानांतून एकच लगबग सुरू होते. नांगरट व वखरणी आटोपलेली असते, बियाणे घरात येऊन पडलेले असते, आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पहिल्या पावसावर पेरावे, तर पुढे पंधरा दिवस उघडीप पडून कोवळे अंकुर करपून जाण्याची भीती. थांबावे, तर हंगाम टळण्याची भीती. दुबार पेरणीचे संकट ज्या घरावर एकदा येऊन गेले, त्या घरातील मुलांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. यंदाचा पाऊस कसा होईल, हा एकच प्रश्न त्या दिवसांत सर्वांच्या मुखी असतो. या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत शोधण्यासाठी ज्या एका गणितज्ञाने आपल्या आयुष्याची वीस वर्षे या देशात वेचली, त्या सर गिल्बर्ट वॉकर यांचा परिचय आज आपण करून घेणार आहोत.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. १८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. पुढील वर्षीही देशाच्या मोठ्या भागात तो आला नाही. त्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मरण पावली. नुकताच, म्हणजे १८७५ साली, सरकारने हवामानखाते स्थापन केले होते व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले होते. पाऊस कमी होणार हे काही महिने आधी कळले, तर धान्याची तजवीज करता येईल, या विचाराने सरकारने त्यांना पावसाचे भाकीत करण्यास सांगितले. हिमालयावर वसंत ऋतूत बर्फ अधिक पडले, तर त्या वर्षी मैदानावर पाऊस कमी होतो, असे ब्लॅनफर्ड यांना आढळून आले होते. त्या आधारावर १८८६ पासून दरवर्षी पावसाचा अंदाज प्रसिद्ध होऊ लागला. त्यांच्यानंतर आलेल्या सर जॉन एलियट यांनी या अंदाजात आणखी अनेक गोष्टींची भर घातली. त्यांचे अंदाज चांगले लांबलचक असत. परंतु १८९९ साली भलताच प्रकार घडला. अंदाज चांगल्या पावसाचा होता, आणि प्रत्यक्षात त्या वर्षी महाभयंकर अवर्षण पडले. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत, दख्खन, सर्वत्र गुरे तडफडून मेली. माणसांचीही तीच गत झाली. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून लोकांनी त्याला छप्पन्या दुष्काळ असे नाव दिले. अनुभवी माणसाचा अंदाज इतका चुकावा, ही गोष्ट एलियट यांना लागून राहिली असली पाहिजे. कारण आपला वारस निवडताना त्यांनी हवामानशास्त्रज्ञ निवडला नाही. एक शुद्ध गणिती निवडला.

गिल्बर्ट टॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात रॉचडेल या गावी झाला. वडील नगरपालिकेचे अभियंता होते. गिल्बर्ट लहान असतानाच कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडन येथे राहावयास गेले. मुलाचा ओढा पहिल्यापासून गणिताकडे आणि फिरणाऱ्या वस्तूंकडे होता. भोवरा फिरताना पडत का नाही, हा प्रश्न तुम्हांलाही कधी ना कधी पडला असेल. गिल्बर्ट तो प्रश्न विसरला नाही, एवढाच फरक. शाळेत असतानाच त्याने भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे एक यंत्र स्वतःच्या हाताने तयार करून बक्षीस मिळविले. सेंट पॉल्स शाळेतून शिष्यवृत्ती घेऊन तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत पहिला आला. या पहिल्या क्रमांकास सीनियर रँग्लर म्हणत. रँग्लर हा शब्द मराठी मुलांना अपरिचित नसावा. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी तोच मान मिळविला आणि ते रँग्लर परांजपे म्हणूनच महाराष्ट्रात ओळखले गेले.

अतिश्रमाने वॉकर यांची प्रकृती ढासळली व त्यांना काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी काढावे लागले. तेथे ते बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळात तरबेज झाले. केंब्रिजला परतल्यावर त्यांना आणखी एक नाद लागला. ऑस्ट्रेलियातील आदिवासी लाकडाचे एक वाकडे आयुध फेकतात व ते हवेत गिरकी घेऊन फेकणाऱ्याकडे परत येते. त्यास बूमरँग म्हणतात. ट्रिनिटीचे हे विद्वान अध्यापक नदीकाठच्या हिरवळीवर तासन्‌तास बूमरँग फेकीत उभे राहत. लोक हसत, त्यांना बूमरँग वॉकर म्हणत. परंतु ते आयुध परत का येते, याचे गणित त्यांनी १८९७ मध्ये एका विस्तृत निबंधात मांडले, तेव्हा जाणत्यांना त्या खेळामागील चिकाटी दिसून आली.

अशा या मनुष्यास एलियट यांनी भारतात बोलाविले. वॉकर यांनी हवामानशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. नेमणूक स्वीकारल्यावर त्यांनी युरोप व अमेरिकेतील वेधशाळा पाहून घेतल्या, १९०३ मध्ये ते भारतात आले, आणि १ जानेवारी १९०४ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, देशातील सर्व वेधशाळांचे महासंचालक झाले. त्या खात्याचे मुख्य ठाणे त्या वेळी सिमल्यास होते.

आता त्यांच्यापुढील काम नीट समजून घेऊ. पाऊस मोजणे ही गोष्ट वरवर सोपी आहे. उघड्या जागी एक नळकांडे ठेवावयाचे, त्यात जमलेले पाणी मोजपात्रात ओतून किती मिलिमीटर भरले ते नोंदवावयाचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, किंवा एक हेक्टर रानावर दहा हजार लिटर. पण हा झाला एका गावचा पाऊस. साऱ्या देशाचा पाऊसकाळ यंदा किती जोराचा होता, हे एका आकड्यात कसे सांगावयाचे? चेरापुंजीचे शेकडो सेंटिमीटर आणि जैसलमेरचे पंधरा-वीस सेंटिमीटर सरळ एकत्र करून चालत नाही. प्रत्येक ठिकाणची अनेक वर्षांची सरासरी काढावी लागते, यंदाचा पाऊस तीहून किती कमी वा अधिक ते पाहावे लागते, आणि कोणता विभाग किती मोठा आहे याचा विचार करून त्यांची बेरीज मांडावी लागते. असे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसाचे आकडे वॉकर यांनी मागील अनेक दशकांसाठी जुळविले. मोसमी पावसाचे बळ मोजण्याचे जणू मापच त्यांच्या हाती आले.

त्या काळी, लागोपाठ कमी पावसाची वर्षे आल्यामुळे, या देशाचे हवामान कायमचे बिघडले आहे असे पुष्कळ लोक म्हणू लागले होते. कोणी कालव्यांना दोष देई, कोणी जंगलतोडीस. वॉकर यांनी १९१० मध्ये जुने आकडे तपासले व असा कायमचा बदल झाल्याचा पुरावा त्यांत नाही, असे दाखवून दिले. आज पृथ्वीचे तापमान वाढत आहे व त्याची मोजमापे आपल्याजवळ आहेत. तो विषय निराळा. वॉकर यांच्यापुढे जे आकडे होते, त्यांतून जेवढे निघत होते तेवढेच त्यांनी सांगितले.

मोजमाप झाले, पण भाकिताचे काय? येथे वॉकर यांनी जी वाट धरली, ती त्या काळच्या हवामानशास्त्रात अगदी नवी होती. वारे कसे वाहतात, ढग कसे बनतात याची उपपत्ती अपुरी आहे. ती पूर्ण होण्याची वाट पाहत बसलो, तर दुष्काळ काही थांबणार नाहीत, असे त्यांनी मनाशी ठरविले. जगाच्या निरनिराळ्या भागांतील हवेचा दाब, तापमान व पाऊस यांचे आकडे घ्यावयाचे आणि त्यांपैकी कोणते आपल्या पावसाशी जोडीने बदलतात ते गणिताने शोधावयाचे. या जोडीला सहसंबंध म्हणतात. समजा, ज्या वर्षी गावचा ओढा दुथडी वाहतो त्या प्रत्येक वर्षी विहिरीही त्याच प्रमाणात भरतात, तर सहसंबंध अधिक एक. एक गोष्ट वाढली की दुसरी तितक्याच नेमाने घटत असेल, तर उणे एक. आणि शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नावांत किती अक्षरे आहेत याचा पावसाशी काही संबंध नसल्यामुळे तेथे आकडा शून्याच्या आसपास राहील. निसर्गात अधिक एक किंवा उणे एक असा पुरता संबंध क्वचितच सापडतो. वॉकर यांना जे आकडे मिळत, ते बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असत.

हे काम आज यंत्र क्षणात करते. तेव्हा संगणक नव्हते. सिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकून कागदावर ओळीमागून ओळी मांडून गुणाकार, वर्गमुळे व भागाकार करीत. एकेका सहसंबंधासाठी चाळीस-पन्नास वर्षांचे आकडे, आणि असे सहसंबंध शेकड्यांनी! या कारकुनांपैकी बहुतेकांची नावे कोठेही छापली गेलेली नाहीत. माझ्या मते त्या शोधांत त्यांचा वाटा थोडा नाही.

इतके आकडे तपासले की त्यांत एक फसगत दडलेली असते, आणि ती ओळखण्यातच वॉकर यांचे मोठेपण आहे. तुमच्या वर्गातील बत्तीस मुलांनी प्रत्येकी पाच वेळा नाणे उडविले, तर एखाद्याला पाचही वेळा छाप पडण्याचा बराच संभव असतो. म्हणून तो मुलगा काही जादूगार ठरत नाही. त्याचप्रमाणे शेकडो जोड्या तपासल्या, तर एखादी जोडी केवळ योगायोगाने छान जमून जाते. जितक्या अधिक जोड्या तपासाल तितकी कसोटी कडक लावा, हा नियम वॉकर यांनी १९१४ मध्ये गणिताने मांडून दाखविला. सूर्यावरील डाग आणि पाऊस यांचा निकट संबंध आहे, असे तेव्हा पुष्कळ विद्वान मानीत. वॉकर यांनी तोही तपासला, आणि त्यात विशेष जीव नाही असे आढळले, तेव्हा तो सोडून दिला.

जे संबंध या कसोटीतून उतरले, त्यांची यादी पाहून कोणासही नवल वाटेल. हिमालयावरील बर्फ तर होतेच. त्याखेरीज मॉरिशस बेटावरील मे महिन्याचा वायुभार, आफ्रिकेजवळच्या झांजीबारचा एप्रिल-मेमधील पाऊस, आणि हजारो कोस दूर असलेल्या दक्षिण अमेरिकेतील वसंत ऋतूचा वायुभार! आपल्या कयाधू नदीस पूर येणार की नाही, हे चिली देशातील पारा सांगू पाहतो, ही कल्पना त्या काळी अनेकांना हास्यास्पद वाटली.

सगळ्या देशाचा एकच आकडा सांगून भागत नाही, हेही वॉकर यांच्या ध्यानात आले. आसामात महापूर आणि मराठवाड्यात कोरड, असे एकाच वर्षी घडू शकते. दोहोंची सरासरी काढली तर पाऊस ठीक झाला असे दिसेल, पण त्या सरासरीने कोणाच्या विहिरीला पाणी लागणार नाही. म्हणून ज्या प्रदेशांचा पाऊस बहुधा एकाच चालीने कमी-अधिक होतो असे प्रदेश त्यांनी एकत्र केले, आणि द्वीपकल्प, वायव्य भारत व ईशान्य भारत असे तीन विभाग पाडले. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेला आपला मुलूख द्वीपकल्पात मोडे. पुढे ईशान्य भागाचे अंदाज नीट जमेनात, तेव्हा ते १९३५ मध्ये बंद करण्यात आले. उरलेल्या दोन विभागांचे अंदाज याच पद्धतीने १९८७ पर्यंत निघत राहिले.

हे अंदाज किती खरे ठरत? येथे सत्य सांगितले पाहिजे. ते बेताचेच ठरत. काही संबंध वीस-पंचवीस वर्षे टिकले आणि मग विरून गेले. १९१७ साली देशात पाऊस सरासरीहून पुष्कळ अधिक झाला, तर लगेच १९१८ मध्ये तो सुमारे चतुर्थांशाने कमी पडला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने उपाशी गावांत हाहाकार उडविला. असे हेलकावे अचूक सांगण्याइतके बळ आपल्या सूत्रांत नाही, हे वॉकर जाणून होते. लक्षणे प्रबळ असतील तेव्हाच बोलावे, एरवी मौन धरावे, असा त्यांचा कल होता. १८९९ च्या अंदाजानंतर हा संयम फार मोलाचा होता.

आणि मग जे शोधण्यास ते निघालेच नव्हते, ते त्यांना सापडले. जगभरच्या वायुभाराचे आकडे जुळविता जुळविता त्यांना एक प्रचंड तराजू दिसू लागला. त्याचे एक पारडे पॅसिफिक महासागरावर, दुसरे हिंदी महासागरावर, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले. एका पारड्यात वायुभार वाढला की दुसऱ्यात तो घटतो. काही वर्षांनी पारडी उलट होतात. याची पुसट चाहूल स्वीडनचे हिल्डेब्रँडसन व इंग्लंडचे लॉकियर पिता-पुत्र यांना आधी लागली होती. परंतु सगळ्या तराजूचे चित्र वॉकर यांनीच रेखाटले आणि १९२४ मध्ये त्यास दक्षिणी दोलन असे नाव दिले. हिंदी महासागराकडील पारड्यात वायुभार कमी असतो, तेव्हा भारतात पाऊस बहुधा चांगला होतो. तो वाढला, की पावसाला ओहोटी लागते.

आकड्यांच्या या राशीत बसूनही वॉकर रुक्ष झाले नाहीत. ते बासरी वाजवीत व बासरीच्या रचनेचा गणिती विचारही करीत. पंख न हलविता घारी व गिधाडे तासन्‌तास आकाशात कशी तरंगतात, याचे त्यांनी निरीक्षण करून लेख लिहिले. वरच्या हवेचा अभ्यास झाल्याशिवाय पावसाचे कोडे उलगडणार नाही, हे ओळखून १९१४ मध्ये आग्रा येथे त्यासाठी स्वतंत्र वेधशाळा त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. परंतु त्यांचे एक कृत्य आपणा भारतीयांना विशेष स्मरणीय आहे. १९१३ च्या फेब्रुवारीत ते कामानिमित्त मद्रासला गेले असता, तेथील बंदराच्या कचेरीत तीस रुपये पगारावर काम करणाऱ्या एका तरुण कारकुनाची गणिताची वही त्यांच्या दृष्टीस पडली. तो विषय वॉकर यांचा नव्हता, तरी वहीची योग्यता त्यांनी तत्काळ जाणली आणि मद्रास विद्यापीठास पत्र लिहून त्या तरुणास शिष्यवृत्ती द्यावी अशी शिफारस केली. दरमहा पंच्याहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो तरुण कचेरीतून मोकळा झाला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन.

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी दहा वर्षे हवामानशास्त्र शिकविले व दोलनाचा अभ्यास पुढे चालविला. त्यांच्या मागे, १९२८ मध्ये, हवामानखात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या भव्य इमारतीस आजही सिमला ऑफिस म्हणतात, ते यामुळेच.

वॉकर यांच्या शोधाबद्दल विद्वानांची मने मात्र साशंकच राहिली. एवढ्या दूरच्या ठिकाणांचा परस्परांशी संबंध का असावा, याचे कारण त्यांना देता येत नव्हते. त्यातच त्यांच्या गादीवर पुढे आलेले सर चार्ल्स नॉर्मंड यांनी एक अडचणीची गोष्ट पुढे मांडली : दोलनाचे आकडे पावसाळ्याच्या आधी फारसे काही सांगत नाहीत, उलट आपला पावसाळाच पुढच्या हिवाळ्यातील दोलनाची सूचना देतो! ज्यास भाकिताचे साधन मिळावे म्हणून सारा खटाटोप केला, तो मोसमी पाऊसच दुसऱ्यांच्या भाकिताचे साधन ठरावा, हा विचित्र न्याय खरा. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी नव्वदाव्या वर्षी वॉकर निवर्तले. जागतिक हवामानाचा उलगडा करण्याची त्यांची आशा सफळ होताना दिसत नाही, अशा अर्थाचा अभिप्राय त्यांच्या मृत्युलेखातही व्यक्त झाला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६९ मध्ये, याकोब बर्कनीस या शास्त्रज्ञाने तो तराजू कोण हलवितो ते दाखवून दिले. पॅसिफिक महासागरावरील पूर्वेचे वारे ऊबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथे हवा तापून वर चढते व पाऊस पडतो. पेरूच्या थंड किनाऱ्याकडे ती खाली उतरते. काही वर्षी हे वारे मंदावतात व ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकते. पेरूचे कोळी यास एल निन्यो म्हणतात. पाण्याबरोबर वर चढणारी हवाही पूर्वेकडे सरकते आणि आपल्याकडील मोसमी पाऊस बहुधा दुबळा होतो. हवेच्या या प्रचंड फेऱ्यास बर्कनीस यांनी वॉकर अभिसरण असे नाव दिले.

आज टाहिटी बेट आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील वायुभारांतील फरकावरून हे दोलन नित्य मोजले जाते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ३०६ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १८७१ पासूनच्या देशाच्या पावसाची मालिका तयार केली. तीत एल निन्योची छाया पुष्कळ दुष्काळांवर पडलेली दिसते. तथापि सर्वांवर नाही. १९९७ मध्ये फार प्रबळ एल निन्यो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. उलट २०१२ मध्ये देशाचा पाऊस सरासरीच्या सुमारे ९३ टक्के भरला, पण मराठवाड्याला तो त्याहून पुष्कळ कमी मिळाला. सह्याद्रीने अडविलेल्या ढगांच्या पडछायेत हा प्रदेश येतो. त्याचे पुष्कळसे पाणी बंगालच्या उपसागरावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असते, आणि ते पट्टे उत्तरेकडून निघून गेले की येथे आभाळ कोरडे राहते. म्हणूनच वॉकर यांच्या तीन विभागांच्या जागी आज हवामानखाते ३६ उपविभागांचा पाऊस वेगवेगळा मोजते. मराठवाडा हा त्यांपैकी एक. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या तालुक्यांतील पर्जन्यमापकांचे आकडे रोज त्याच मालिकेत मिळविले जातात.